सर्वानुमते नामंजूर

धानोऱ्यात इंग्रजी किती जणांना येतं हा वादाचा विषय होऊ शकेल. पण 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य इथल्या लहानथोरांना तोंडपाठ आहे. दाखला काढायला जावं तर सर्व्हर डाऊन. धानाचे पैसे जमा झाले का बघायला जावं तर लिंक नाही. मशीनवर अंगठा उमटत नाही तोही सर्व्हरमुळेच. त्यात अंगठ्याचा काही दोष नसतो. अशा गावात घरबसल्या मी पुण्याच्या एका कंपनीचा सर्व्हर सांभाळते ही बातमी फुटली, आणि गावाची माझ्याकडे बघण्याची नजरच बदलली. इतकी वर्षं जिला शोधत होतो ती हीच, असा काहीसा भाव त्या नजरेत असतो.

शेजारचे काकाजी रोज सकाळी खर्रा घोटत विचारतात, "काय बाई, आज तरी सुरू हाये का तुयावाला सर्वर?"

"काकाजी, माझा वेगळा आहे. त्याचा दाखल्यांशी काही संबंध नाही."

"मंग कायच्या कामाचा हाये तो?"

हा प्रश्न पुण्यातल्या आमच्या वरिष्ठांना अजून सुचलेला नाही, म्हणून माझी नोकरी टिकून आहे.

तरी सांगते. आमच्या कंपनीत वेगवेगळ्या गावांतले बरेच जण एकाच सॉफ्टवेअरवर काम करतात आणि प्रत्येक जण दिवसभर आपापल्या तुकड्यात काहीतरी बदलत असतो. हे तुकडे महिनाअखेरीस एकदम जोडायला घेतले तर कोणाचं कोणाशी जुळत नाही आणि भांडणं होतात. १९९०च्या दशकात केंट बेक आणि त्यांच्या मंडळींनी यावर असा तोडगा मांडला, की भांडण महिन्यातून एकदा करण्याऐवजी रोज, दिवसातून अनेकदा करावं. म्हणजे प्रत्येक भांडण लहान राहील. हे भांडण लावून देण्याचं काम माणसाकडे ठेवलं तर तो नोकरी सोडून जातो, म्हणून ते यंत्राकडे दिलं. कोणीही कोड टाकला की यंत्राने सगळे तुकडे गोळा करायचे, जोडून बघायचे, चाचण्या घ्यायच्या आणि कोणामुळे बिघडलं ते नाव घेऊन जाहीर करायचं. या यंत्राला बिल्ड सर्व्हर म्हणतात. आमच्याकडच्याचं नाव जेन्किन्स.

जेन्किन्स मुळात हडसन होता. कोह्सुके कावागुची हे जपानी गृहस्थ सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करत. आपली चूक सहकाऱ्यांच्या आधी आपल्याला कळावी या अत्यंत सज्जन हेतूने त्यांनी २००४ साली हे काम हाती घेतलं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि हडसन हे नाव कोणाचं यावरून वाद सुरू झाला. जानेवारी २०११ मध्ये ओरॅकलबाहेरच्या मंडळींनी मतदान घेऊन नाव बदललं आणि तोच कोड जेन्किन्स म्हणून पुढे चालू ठेवला. हडसनही काही वर्षं चालला आणि मग शांतपणे बंद पडला. दोन्ही नावं घरकाम बघणाऱ्या इंग्रजी बटलरची. बोधचिन्हातही तोच आहे: गळ्याला बो, हातावर पांढरा नॅपकिन, चेहऱ्यावर 'बोला, काय आणू' असा भाव. या नात्यात बटलर नेमकं कोण आहे, याचा उलगडा नोकरीला लागल्यावर होतो.

माझं त्याच्याशी वैर नाही. किरकोळ तक्रारी आहेत, त्या नोंदवून ठेवते.

पहिली हवामानाची. जेन्किन्समध्ये प्रत्येक कामाच्या नावापुढे हवामानाचं चित्र असतं. शेवटची पाच बिल्डं बघून तो ते ठरवतो. पाचही पास झाली तर सूर्य, एक नापास झालं तर सूर्यापुढे ढग, मग नुसते ढग, मग पाऊस, आणि चार-पाच नापास झाली तर विजांचा कडकडाट. ही कल्पना ज्याला सुचली तो जूनमध्ये गडचिरोली जिल्ह्यात कधी राहिलेला नसावा. इथे मृगाच्या आधीचा वारा सुटला की पंधरा मिनिटांत कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि लाइन जाते. पुण्याहून फोन येतो, "काय गं, हवामान कसं आहे?" मी सांगते, "विजा चमकताहेत." तिकडे लगेच धावपळ सुरू होते, कोणी कोणाचा कोड मागे घेतो, कोणी कोणाची माफी मागतो. मी खिडकीबाहेरचं सांगत होते हे स्पष्ट करायच्या आत फोन कटतो, कारण लाइन गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो.

दुसरी तक्रार रंगाची. पास झालेल्या बिल्डपुढे जेन्किन्स पूर्वी निळा गोळा दाखवत असे, कारण कावागुचींच्या देशात सिग्नलचा 'जा' म्हणणारा दिवा निळाच समजला जातो. बाकी जगाला ते सहन होईना, म्हणून निळे गोळे हिरवे करण्याचं वेगळं प्लगइन कोणीतरी लिहिलं आणि जगभर लोकांनी ते बसवलं. पुढे जेन्किन्सने स्वतःच हिरवा रंग घेतला. प्लगइनचं काम संपलं. आमच्या सर्व्हरवर ते अजून बसलेलं होतं. कोणी बसवलं ते कोणालाच आठवत नव्हतं, आणि काढायचं म्हटलं तर दोघा-तिघांचा चेहरा पडत होता. या प्रवृत्तीकडे मी तेव्हाच गंभीरपणे बघायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी बघितलं होतं आणि मेलही पाठवला होता. त्याला अंगठ्याचं चित्र आलं.

आता मुख्य विषय, म्हणजे अपग्रेड.

जेन्किन्सचं दर आठवड्याला एक नवं रूप येतं. ज्यांना इतकी घाई नाही त्यांच्यासाठी दर बारा आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणारी आवृत्ती येते. दीर्घकाळ म्हणजे बारा आठवडे. मधल्या काळात सुरक्षेच्या सूचना येतात आणि त्या आल्या की प्रशासकाच्या पानावर लाल पट्टी झळकते: अमुक प्लगइनमध्ये धोका आहे, तमुक प्लगइनमध्ये धोका आहे, उपाय अमक्या आवृत्तीत आहे. त्या पट्टीखाली पिवळी पट्टी: तुमचा रिव्हर्स प्रॉक्सी बिघडलेला दिसतो. तो बिघडलेला नाही. मी तपासला आहे, माझ्या आधीच्या माणसाने तपासला होता, आणि माझ्यानंतर येणाराही तपासेल. पट्टीवर 'दिसतो' असंच लिहिलेलं असल्यामुळे तिला खोटंही म्हणता येत नाही.

पुण्याहून आमचे टीम लीड म्हणतात, "अगं, फक्त अपग्रेडच तर आहे." या 'फक्त'चा हिशेब असा.

नवा जेन्किन्स हवा तर नवं जावा हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या २.३६१.१ या आवृत्तीपासून जावा ८ बंद झालं, ११ लागू लागलं. लोकांनी ११ बसवून घाम पुसला, तोवर ऑक्टोबर २०२४ मध्ये २.४७९.१ आली आणि ११ बंद होऊन १७ लागू लागलं. जावा १७ नुसतं मुख्य सर्व्हरवर बसवून भागत नाही. त्याच्या हाताखाली राबणारी जी यंत्रं असतात, ज्यांना एजंट म्हणतात, त्यांनाही ते लागतं. ते नसेल तर एजंट जोडणी नाकारतो आणि कारण देतो: क्लास फाइलची आवृत्ती ६१, मला ५२ पर्यंतच कळतं. ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८. हे सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं. आमच्या एका एजंटवरची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी निघाली की तिच्या भांडारात जावा १७ नव्हतंच. म्हणून आधी ऑपरेटिंग सिस्टिम. ती बदलली तर त्यावर चालणारं एक जुनं बिल्ड बंद पडणार. ते बिल्ड कशाचं, तर एका ग्राहकाच्या अशा सॉफ्टवेअरचं, जे त्या ग्राहकाने वापरणं सोडून दिलं आहे पण पैसे भरणं सोडलेलं नाही. त्याला हात लावायचा नाही, असं वरून सांगण्यात आलं.

मग चावी. जेन्किन्सचं पॅकेज खरंच त्यांनीच दिलं आहे ना, हे तपासायला एक सही-शिक्क्याची चावी लागते. मार्च २०२३ मध्ये ती चावी बदलली. ज्यांना ते ठाऊक नव्हतं त्यांचं अपग्रेड, सार्वजनिक चावी उपलब्ध नाही, एवढं सांगून थांबलं. मग सेवा सुरू करण्याची पद्धत. २०२२ पर्यंत कोणत्या पोर्टवर चालायचं, किती मेमरी घ्यायची, हे एका ठरलेल्या फाइलमध्ये लिहिलेलं असे. त्या वर्षी लिनक्सवरचा सगळा कारभार सिस्टिमडी नावाच्या व्यवस्थेकडे गेला. जुनी फाइल होती तिथेच राहिली, व्यवस्थित, टिपांसकट. फक्त तिला कोणी विचारेनासं झालं. सेवानिवृत्त माणसाबद्दल मी हे लिहिलं असतं तर वाचकांचे डोळे पाणावले असते. फाइलबद्दल असल्यामुळे माझा पोर्ट बदलला एवढंच झालं.

या सगळ्यातून पार पडलं की प्लगइनं.

जेन्किन्स स्वतःहून फारसं काही करत नाही. कोड आणायला एक प्लगइन लागतं, निकाल मेलने कळवायला दुसरं, ओळीपुढे वेळ छापायला तिसरं, आणि या तिघांना आतून लागणारी आणखी चार, ज्यांचं नावही कधी कानावर पडत नाही. जगात अशी दोन हजारांच्या आसपास प्लगइनं आहेत. आमच्याकडे शंभराच्या वर आहेत. प्रत्येक प्लगइन वेगळ्या माणसाने, वेगळ्या देशात, बहुधा रविवारी दुपारी लिहिलेलं. २०२१ मध्ये सेटिंगच्या पानांची आतली मांडणी बदलली, दिसायला जवळपास तेच, आणि तेवढ्यावर कित्येक प्लगइनं रुसली. काहींच्या पानावर सूचना असते, की हे प्लगइन दत्तक देणे आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा. म्हणजे मूळ पालक निघून गेले आहेत, नवे मिळालेले नाहीत, आणि लेकरू आमच्या सर्व्हरवर राहून नव्या जावाला नाही म्हणतं आहे.

एक प्लगइन नाही म्हणालं की त्यावर अवलंबून असलेली नाही म्हणतात. त्यांच्यावर अवलंबून असलेली त्यांच्यामागे. जेन्किन्स पुन्हा सुरू होतो, 'कृपया थांबा, कामाला लागण्याची तयारी चालू आहे' असं पान दाखवतो, आणि बऱ्याच वेळाने तोच बटलर लालबुंद होऊन, कपाळाला आठ्या घालून समोर येतो. वर लिहिलेलं असतं, 'अरेरे!' दुसऱ्यांच्या चुका फाइलच्या नावासकट आणि ओळीच्या आकड्यासकट दाखवणारं हे यंत्र स्वतःच्या चुकीबद्दल आधी एवढंच बोलतं.

मी म्हटलं, हे हाताने करण्यात अर्थ नाही, स्क्रिप्ट लिहू. प्लगइनांची नावं आणि आवृत्त्या एका फाइलमध्ये, सेटिंग दुसऱ्या फाइलमध्ये, आणि एक पाइपलाइन, जी आधी नमुन्याच्या सर्व्हरवर सगळं बसवून बघेल. पाइपलाइन ग्रूव्ही नावाच्या भाषेत लिहितात. ग्रूव्ही तशी गोड भाषा आहे. पण स्क्रिप्ट गिट या कोडच्या भांडारातून आली की जेन्किन्सच्या लेखी ती परक्याची, मग लिहिणारी मी असले तरी. तो तिला कुंपणात चालवतो आणि कुंपणाबाहेरचं काही मागितलं की थांबवून सांगतो: ही मेथड वापरायची परवानगी नाही, प्रशासकाची मंजुरी घ्या.

प्रशासक मीच. मी मंजुरीच्या पानावर जाते. तिथे माझाच अर्ज माझी वाट बघत असतो. मी तो काळजीपूर्वक वाचते, कारण वाचल्याशिवाय मंजूर करू नये असा इशारा तिथे लिहिलेला आहे, आणि मंजूर करते. पाइपलाइन पुन्हा पहिल्यापासून चालवते. ती पुढच्या ओळीवर थांबते: ही दुसरी मेथड वापरायची परवानगी नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा विचारविनिमय, पुन्हा मंजुरी. एकूण काय काय लागणार आहे याची यादी एकदम मिळत नाही. आधार दाखवला की रेशनकार्ड, रेशनकार्ड दाखवलं की त्याची झेरॉक्स, झेरॉक्स दाखवली की तिच्यावर सही, असं एकेक मागणाऱ्या खिडकीसारखं हे चालतं. फरक एवढाच, की इथे खिडकीच्या दोन्ही बाजूंना मीच उभी असते, त्यामुळे आवाज चढवून काही उपयोग नाही.

त्यातून सुटका झाली तर पुढे जेएसओएन स्वरूपातली माहिती वाचताना एक लांबलचक चूक येते: लेझीमॅप नावाची वस्तू साठवता येत नाही. या चुकीचा मात्र मी आदर करते. पाइपलाइन मध्येच बंद पडली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तर होतं तिथून पुढे चालू व्हावं म्हणून जेन्किन्स प्रत्येक पायरीला आपल्या हातातलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतो. जे लिहून ठेवता येत नाही ते हातात धरू देत नाही. कारण विचारलं तर पटण्यासारखं आहे. दिवसाआड लाइन जाणाऱ्या गावात बसून त्याला नावं ठेवता येत नाहीत. तक्रार इतकीच, की ही दूरदृष्टी त्याने जेएसओएन वाचण्याच्या साध्या ओळीवर दाखवावी आणि प्लगइनांच्या बाबतीत दाखवू नये.

प्रत्यक्ष अपग्रेड शनिवारी रात्री ठरतं. पुण्यातल्या लोकांचा शनिवार वाया जाऊ नये म्हणून ते माझ्या शनिवारी ठरतं. सर्व्हर मुंबईतल्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये, त्याची लाइन कधी जात नाही. इन्व्हर्टरवर मी, लॅपटॉप आणि एक राउटर. माझ्याकडची जोडणी तुटली तरी तिकडचं काम चालू राहावं म्हणून मी सगळं टीमक्समध्ये चालवते. आत शिरायला ओटीपी लागतो. ओटीपी फोनवर येतो. फोनला रेंज घराच्या मागच्या बाजूला, न्हाणीच्या पायरीवर उभं राहिलं तर येते. त्या ओटीपीचं आयुष्य पायरीपासून लॅपटॉपपर्यंतच्या अंतरापेक्षा थोडं कमी आहे. पायरीवरून मी आकडे मोठ्याने ओरडून सांगते आणि आई आत टाइप करते. आई निवृत्त शिक्षिका आहे. "सात की साठ? स्पष्ट उच्चार कर," असं ती आतून विचारते, तेवढ्यात मुदत संपते. सगळ्या आळीला आमचा ओटीपी ऐकू जातो ही सुरक्षेतली त्रुटी मी अहवालात नोंदवलेली आहे. तिच्यासाठी अद्याप पट्टी झळकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी विचारलं, "रातभर काय आकडे लावून राहिली होती जी?" सट्ट्याचा संशय दूर करायला मला जेन्किन्स पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावा लागला. शंभरांपैकी एकाने नाही म्हटलं तरी काम अडतं, हे ऐकून ते म्हणाले, "मंग आपल्या मेंढ्यासारखंच हाये की."

मेंढा म्हणजे मेंढा (लेखा), धानोऱ्याहून तीनेक किलोमीटरवर, शंभरेक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. तिथल्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांची सहमती झाली तरच होतो. एकाची हरकत असली तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे ऐकून वाटतं, की अशाने काही होणं शक्य नाही. झालं ते असं: २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. मग बांबू गवत की झाड यावरून वाद झाला, कारण झाड म्हटलं की तो वनखात्याचा. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. या लढ्यातली देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावं देशभर ऐकू आली. एका माणसाच्या 'नाही'ला इतकी किंमत देऊन जे गावाने केलं, ते शंभर प्लगइनांच्या 'नाही'तून आम्हाला का जमू नये?

मी यावर विचार केला. नियम सारखाच आहे. पण मेंढ्यात ज्याची हरकत असते तो समोर बसलेला असतो. त्याला विचारता येतं, बाबा, तुझं म्हणणं काय? तो सांगतो. त्याच्या सांगण्यात काही असलं तर बाकीचे आपलं मत बदलतात, नसलं तर तो बदलतो. त्यासाठी रात्र लागली तर रात्र लावतात. आणि विषय माहीत नसताना बोलायला नको, म्हणून आधी अभ्यासगटात तो विषय समजून घेतात. आमच्याकडे हरकत घेणारा कोण, हेच कोणी सांगू शकत नाही. प्लगइन लिहिणारा निघून गेला. बसवणारा कंपनी सोडून गेला. वापरणारा कोणी असेल तर त्याला आपण वापरतो हे माहीत नाही. नकाराधिकार मात्र सगळ्यांचा शाबूत आहे.

तेव्हा मी पुण्याला लिहिलं, की अपग्रेडपूर्वी आपण एक सभा घेऊ. प्रत्येक प्लगइनचं नाव वाचू. ज्याला ते हवं आहे त्याने हात वर करावा आणि का हवं ते सांगावं. ज्याच्यासाठी कोणाचाच हात वर होणार नाही ते काढून टाकू. मेंढ्याच्या पद्धतीत एवढीच दुरुस्ती, की गैरहजर राहणाऱ्याचा नकार मोजायचा नाही.

सभा व्हिडिओ कॉलवर झाली. उपस्थिती उत्तम होती. कॅमेरे बंद होते. मी पहिलं नाव वाचलं. शांतता. "कोणाला हवं आहे का?" कोणालाच नको होतं. "मग काढू?" त्यावर तीन आवाज एकदम आले. "असू दे ना." "काय त्रास देतंय का ते?" "काढल्यावर काही बंद पडलं तर?" मी म्हटलं, त्रास देतंय, त्याच्यामुळेच जावा १७ अडलं आहे. "मग जावा १७ची एवढी घाई काय आहे?" असा मूलभूत प्रश्न उपस्थित झाला. लाल पट्टीचा विषय मी काढला. ती पट्टी बंद करण्याची सोय जेन्किन्समध्ये आहे, असं एका तरुण सहकाऱ्याने निदर्शनास आणून दिलं, आणि सभेत प्रथमच उत्साह संचारला. टीम लीडनी समारोप केला, की सर्वांचं ऐकून घेऊन असं दिसतं, की अपग्रेड तत्त्वतः मान्य आहे. ते पुढच्या तिमाहीत घ्यावं. यावर कोणाचीही हरकत नव्हती. मेंढ्यात जिला सहमती म्हणतात तिच्याशी याचं तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के साम्य आहे, हे मी नाकारत नाही.

मग मी सभेचा नाद सोडला आणि स्क्रिप्टकडे वळले. ती आता रोज रात्री नमुन्याच्या सर्व्हरवर एक निराधार प्लगइन बंद करते आणि कोण ओरडतं याची वाट बघते. जेन्किन्सने सुचवलं, की ठरलेल्या वेळी नेमकं बाराला चालवण्याऐवजी वेळ माझ्यावर सोपवा, म्हणजे सगळ्यांचा भार सारखा वाटला जाईल. तेही मी मानलं. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनविचचं असल्यामुळे आमच्या इथे तेव्हा सकाळ होत असते. कोणी ओरडलं की स्क्रिप्ट त्याचं नाव त्या प्लगइनपुढे 'मालक' म्हणून लिहिते. पहाटे लाइन असेल तर मी यादी बघते.

बरीच प्लगइनं बंद झाली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. कोड आणणारं बंद झालं तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत कळलंही नाही. फक्त एका प्लगइनच्या वेळी सकाळी नऊच्या आत पुणे आणि हैदराबाद दोन्हीकडून फोन आले. बिल्डच्या पानावर चक नॉरिस या अमेरिकी नटाचं छायाचित्र आणि त्याच्या पराक्रमाचं एक वाक्य दाखवणं, एवढंच त्या प्लगइनचं काम. ते पूर्ववत करावं, टीमच्या मनोधैर्याचा प्रश्न आहे, असा लेखी आग्रह आला. मी ते चालू केलं. शंभरांत त्या एकाच प्लगइनपुढे आता मालकांची यादी आहे आणि ती एका ओळीत मावत नाही. जावा १७शीही त्याचं काही वाकडं नाही.

बाकीच्यांची यादी मी पुढच्या तिमाहीच्या सभेपुढे ठेवणार आहे. विषयपत्रिका तयार आहे. हरकत असल्यास नाव, प्लगइन आणि कारण लिहून सभेच्या आदल्या दिवसापर्यंत कळवावी. ओटीपीची अट नाही.